सीमधून डीमध्ये : गेम हलवण्याची कुळकथा

संगणकाचं दुकान बीडच्या सुभाष रोडवर असो की अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला, एक तक्रार तिथं ठरलेली असते : 'सी फुल झालाय.' दुकानदार आधी विचारतो, गेम कुठं टाकलेत? उत्तरही ठरलेलं, सगळे सीलाच. मग ते डीला किंवा ईला हलवायचे. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला असेल तर आज हे चार क्लिकचं काम आहे. पण हे चार क्लिक यायला २०१७ साल उजाडलं. त्याआधी चौतीस वर्षं हाच उद्योग लोक नाना परींनी करत होते. आपल्या यंत्रावरची आपली वस्तू हवी तिथं ठेवण्याची मोकळीक एकदा आपल्याला होती, मग ती हातून गेली आणि फार उशिरा परत मिळाली. म्हणून ही कुळकथा सांगण्याजोगी आहे.

ड्राइव्हला अक्षरानं ओळखायची रीत आयबीएमच्या १९६० च्या दशकातल्या सीपी/सीएमएस या प्रणालीतली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये छोट्या संगणकांसाठी सीपी/एम तयार केली, तेव्हा ती रीत तिथं आली आणि तिथून डॉसमध्ये. १९८१ च्या आयबीएम पीसीला एक किंवा दोन फ्लॉपी असत. पहिली ए, दुसरी बी. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. ए आणि बी आधीच फ्लॉपीला दिलेली असल्यामुळे हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आला. फ्लॉपी इतिहासजमा झाली तरी तिची दोन अक्षरं आजही रिकामी राहतात आणि घराघरातल्या विंडोज संगणकाची मोजणी सीपासूनच सुरू होते.

गेम हलवण्याच्या अडचणीचा जन्मही त्याच वर्षातला. तोवरचे कितीतरी प्रोग्राम ए आणि बी सोडून दुसऱ्या कुठल्या ड्राइव्हची कल्पनाच न करता लिहिलेले होते. त्यांच्या फाइली हार्ड डिस्कवर नेल्या तरी ते फ्लॉपीच धुंडाळायचे. त्यावर डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत असाइन नावाची आज्ञा दिली गेली. ए मागितला की सी पुढं करायचा, एवढंच तिचं काम. प्रोग्रामला वाटायचं आपण फ्लॉपीवर लिहितोय, प्रत्यक्षात लिहिलं जायचं हार्ड डिस्कवर. पुढं डॉस ३.१ मध्ये सब्स्ट आली, तिनं एखाद्या फोल्डरलाच ड्राइव्हचं अक्षर देता येऊ लागलं. त्याच १९८३ मध्ये तिकडं बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, म्हणजे ४.२ बीएसडीमध्ये, सिम्बॉलिक लिंक आली. फाइलच्या जागी फक्त एक खूण ठेवायची आणि त्या खुणेत लिहायचं की खरी वस्तू अमुक ठिकाणी आहे. प्रोग्रामची समजूत काढत बसू नका, त्याच्या जुन्या पत्त्यावर पाटी लावा, हा विचार तिथून पुढं सगळीकडं दिसतो.

तरीही डॉसचे दिवस गेमसाठी मोकळे होते. प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ चा, डेंजरस डेव्ह १९८८ चा. दोन्ही एकेका फ्लॉपीत मावत. फोल्डर कॉपी करा, दुसरीकडं ठेवा, आतली चालू करायची फाइल दाबा, झालं. गेमचं सगळं सामान त्याच्या फोल्डरात असायचं. आपल्याकडच्या एका पिढीनं हे दोन गेम कधी 'इन्स्टॉल' केलेच नाहीत. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, या मित्राकडून त्या मित्राकडं ते फिरत राहिले.

ही मोकळीक संपली ती विंडोज ९५ नं. रजिस्ट्री ही मूळ गोष्ट १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये छोट्या रूपात होती. ९५ नं तिला संगणकाची मुख्य नोंदवही केलं. कुठला प्रोग्राम कुठल्या फोल्डरात आहे, त्याची आवृत्ती कोणती, काढून टाकायचा तर कसा, हे सगळं तिच्यात. सोबत 'प्रोग्राम फाइल्स' हा फोल्डर आला आणि न विचारता तो सीवर बसला. आता गेमचं सामान एका ठिकाणी आणि त्याचा पत्ता दुसऱ्याच वहीत, अशी विभागणी झाली. फोल्डर उचलून डीला नेला तर गेम डोळे उघडतो, वहीत जुना पत्ता वाचतो, तिथं काहीच नाही म्हणून बंद पडतो. डेस्कटॉपवरचा शॉर्टकटही जुन्याच दारावर जाऊन थांबतो.

बीड जिल्ह्यात हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. दसरा झाला की इथली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बिऱ्हाड हलतं, पण रेशन कार्डावरचा पत्ता गावचाच राहतो, आणि वर्षानुवर्षं धान्यही त्या पत्त्यालाच बांधलेलं होतं. माणूस जिथं असेल तिथं त्याचं धान्य मिळावं ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा जोड्यांपासून राज्याबाहेरही सुरू झाली. पोटाच्या प्रश्नाची आणि खेळाची बरोबरी होत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण हलण्यातली खरी अडचण सामानात नसून नोंदीत असते, हे दोन्हीकडं सारखंच आहे.

आपल्याकडं या अडचणीला आणखी एक पदर होता. एका हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडायची पद्धत. सुरुवातीला ती सक्तीच होती, कारण फॅट१६ या मांडणीत एक भाग २ जीबीच्या पुढं जाऊ शकत नव्हता. १९९६ मध्ये फॅट३२ आली, सक्ती संपली, पण पद्धत राहिली आणि तिला चांगलं कारणही होतं. व्हायरस शिरला, विंडोज बिघडलं की दुकानदार सी फॉरमॅट मारायचा, डी आणि ईवरचे फोटो, गाणी, कामाच्या फाइली वाचायच्या. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग माजलगाव, केज, गेवराई असे तालुक्यातालुक्यात पोचले. 'माय कॉम्प्युटर' उघडून सी, डी, ई ही ओळीनं मांडलेली खाती अनेकांनी पहिल्यांदा पाहिली ती याच वर्गांत. सीला हात लावायचा नाही, आपलं सामान डीला ठेवायचं, ही शिस्त तिथूनच अंगी लागली.

गेमच्या बाबतीत मात्र ही शिस्त अर्धीच कामाला यायची. डीवर इन्स्टॉल केलेला गेम सी फॉरमॅट मारल्यावर जागच्या जागी असायचा, पण चालायचा नाही. फोल्डर डीला होता, वही सीला होती आणि वही पुसली गेली होती. नेट कॅफेत आणि गेम पार्लरमध्ये याच्यावर जो तोडगा चालत असे, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत हुशार वाटतो. रजिस्ट्रीतली त्या गेमपुरती नोंद वेगळी काढायची, एका छोट्या रेग फाइलीत जपायची आणि ती गेमच्या फोल्डरातच ठेवायची. नवीन विंडोज टाकलं की त्या फाइलीवर दोनदा टिचकी, नोंद पुन्हा वहीत जाते आणि गेम उठून बसतो. ड्राइव्ह बदलला असेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून सीच्या जागी डी लिहायचं. हे करणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना रजिस्ट्रीची रचना कुणी शिकवलेली नव्हती. ती त्यांनी उघडून, चाचपून ओळखली. हे ज्ञान कुठं छापून आलं नाही, ते मशीनपाशी उभं राहून एकानं दुसऱ्याला दिलं.

कॉपी करण्यातली खाचही याच पोरांनी सोसून शिकलेली. सीच्या आतल्या आत फोल्डर हलवला तर काम क्षणात होतं, कारण फाइली जागच्या हलत नाहीत, फक्त यादीतली नोंद बदलते. सीवरून डीवर नेताना मात्र प्रत्येक फाइल खरोखर वाचून पुन्हा लिहावी लागते, दोन्ही भाग एकाच हार्ड डिस्कवर असले तरीही. भारनियमनाच्या दिवसांत कट-पेस्ट चालू असताना वीज गेली की अर्धा गेम इकडं, अर्धा तिकडं. म्हणून जाणती पोरं कट करायची नाहीत, कॉपीच करायची.

पाटी लावायचा जुना विचार विंडोजमध्ये नीट आला तो २००० साली. विंडोज २००० च्या एनटीएफएस मांडणीत जंक्शन हा प्रकार आला. दिसायला फोल्डर, पण आत काही नाही, उघडला की थेट दुसऱ्या ठिकाणच्या फोल्डरात नेतो. मायक्रोसॉफ्टनं त्याची फारशी वाच्यता केली नाही. तो सहज बनवता यावा म्हणून मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्सचं जंक्शन हे छोटं साधन लोक वापरत. २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि एमकेलिंक ही आज्ञा विंडोजमध्येच मिळाली. व्हिस्टानं स्वतःवरही हाच प्रयोग केला : 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' हा जुना फोल्डर 'युजर्स' झाला आणि जुन्या नावाच्या जागी एक जंक्शन ठेवलं गेलं, जुन्या प्रोग्रामांची वाट चुकू नये म्हणून. गेम हलवणाऱ्यांनी तेच केलं. फोल्डर डीला नेला, सीवर त्याच नावाचं जंक्शन टाकलं. रजिस्ट्री जुना पत्ता सांगते, गेम जुन्या पत्त्यावर जातो आणि नकळत डीला पोचतो. नोंद बदलायचीच गरज नाही.

स्टीम सप्टेंबर २००३ मध्ये आलं, तेव्हा सगळे गेम त्याच्याच फोल्डरात, एकाच ड्राइव्हवर ठेवावे लागत. २०१२ मध्ये दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी काढता आली, पण एकदा टाकलेला गेम हलवायला अजूनही जंक्शनच लागायचं. या काळात एसएसडी स्वस्त होत होत्या. १२० किंवा २४० जीबीची एसएसडी सीला आणि जुनी मोठी हार्ड डिस्क डीला, अशी जोडणी सगळीकडं होऊ लागली. गेम मात्र फुगत होते. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या जीटीए ५ ला ६५ जीबी जागा लागायची, पुढं २०१९ च्या रेड डेड रिडेम्पशन २ ला तर १५०. अखेर २०१७ मध्ये स्टीमनं गेम हलवायची सोय दिली. तिचं मर्म असं की स्टीम रजिस्ट्रीवर विसंबत नाही, प्रत्येक लायब्ररीत प्रत्येक गेमची एक छोटी नोंदफाइल ठेवतं. वही पुन्हा सामानाशेजारी आली. नेट कॅफेतल्या पोरांनी रेग फाइल गेमच्या फोल्डरात ठेवली होती, तोच हा विचार. तो कंपन्यांना एवढ्या उशिरा सुचावा याचं मला वाईट वाटतं.

फोनवर ही वाट लवकर निघाली होती. मे २०१० च्या अँड्रॉइड २.२ मध्ये ॲप मेमरी कार्डावर हलवायचं बटण होतं आणि खेड्यापाड्यातल्या कित्येक मुलांनी गेम हलवला तो पहिल्यांदा तिथंच.

शहरातला माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, गेम काढा आणि नव्या ड्राइव्हवर पुन्हा उतरवा. पाटोद्याच्या किंवा वडवणीच्या एखाद्या गावात, जिथं केबलचं इंटरनेट पोचलेलं नाही आणि सगळा कारभार रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर चालतो, तिथं ६५ जीबी पुन्हा उतरवायला महिन्याहून जास्त दिवस जातात, आणि तेही घरातल्या दुसऱ्या कुणी काहीच पाहिलं नाही तर. म्हणून हलवता येणं ही सोय आहे असं मी म्हणणार नाही, ती गरज आहे. सगळ्या विक्रेत्यांनी ती वेळेवर पुरवली नाही. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातला गेम हलवायला लोक कितीतरी काळ युक्तीच करत : फोल्डरची प्रत बाजूला ठेवत, नव्या जागी इन्स्टॉल सुरू करून थोड्या वेळात थांबवत, प्रत तिथं ओतत आणि पुढं चालू करत. मग आहेत त्या फाइली तपासल्या जात, पुन्हा उतरत नसत. हलवायची सोय प्रत्येक गेममध्ये, प्रत्येक दुकानात असायला हवी, आणि गेम विकत घेणाऱ्यांनी ती मागायला हवी.

तोवर गेम हलवताना एवढं सांभाळा. खेळून जपलेले टप्पे बहुधा गेमच्या फोल्डरात नसतात. जीटीए व्हाइस सिटीसारखे अनेक गेम ते सीवरच्या डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, म्हणून आधी त्यांची प्रत काढा. विक्रेत्याची हलवायची सोय असेल तर तीच वापरा. नसेल तर कट करू नका, कॉपी करा. नव्या जागेवरून गेम सुरू करा, आपला शेवटचा टप्पा उघडून पाहा आणि तो दिसल्यावरच जुनी प्रत पुसा.