रेघा जोडा, पण ओलांडू नका



एका कोऱ्या कागदावर पाच रेघा मारा. लहान-मोठ्या, आडव्या-तिडव्या, कशाही. फक्त एकीने दुसरीला शिवू नये. आता त्यांची टोके सरळ रेघांनी अशी जोडा की सर्वांचे मिळून एक झाड व्हावे. कोठेही छेद नको, बंद फेराही नको. बरोबर चार नव्या रेघा लागतील. हा पोरखेळ वाटेल. परंतु त्यामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे.

१८४७ मध्ये किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने विजेच्या मंडलांचा विचार करताना अशी रचना वापरली. तिला गणितात 'झाड' हे नाव दिले ते आर्थर केली याने, १८५७ साली. पुढे १९२६ मध्ये ऑटाकर बोरूव्का या चेक गणितज्ञापुढे मोराव्हिया प्रांतातील वीजजाळ्याचा प्रश्न आला: सर्व गावे जोडायची, पण तार कमीत कमी लागावी. त्याने रीत शोधली. अशा सर्वांत आखूड झाडात दोन तारा एकमेकींना कधीच छेदत नाहीत. कारण शाळेतलेच आहे. छेदणाऱ्या दोन तारा म्हणजे चौकोनाचे दोन कर्ण. समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज कर्णांच्या बेरजेपेक्षा कमीच भरते. म्हणून कर्ण काढून बाजूंची योग्य जोडी घातली की गावे जोडलेली राहतात आणि तार वाचते.

आपल्या टेंभुर्णीजवळच्या उजनी धरणाच्या कालव्यांचा नकाशा याच दृष्टीने पाहा. मुख्य कालवा, त्यातून वितरिका, त्यातून चाऱ्या. झाडच ते! कालव्याला ओढा आडवा आला की जलसेतू बांधावा लागतो. छेद महाग पडतो तो असा.

आपल्या स्मरणिकांतून अल-ख्वारिज्मीचे नाव नेहमी येते, आणि बहुधा तेथेच लेख संपतो. त्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला हे खरे; पण नवव्या शतकातील त्या बगदादच्या विद्वानाचा अभिमान बाळगणारी आपली मुले, आणि विशेषतः मुली, दहावीनंतर गणित का सोडतात, हे पालकांनी घरी विचारावे.

कारण हे काम आपल्या राज्यातही झाले आहे. नवी रेघ दोन टोकांमध्ये तेव्हाच ओढता येते, जेव्हा ती एकमेकांना 'दिसतात', म्हणजे मध्ये आडकाठी नसते. अडथळ्यांच्या कोणत्या कोपऱ्यातून कोणता कोपरा दिसतो हे संगणकाने झटपट शोधण्याची रीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सुबीर कुमार घोष यांनी डेव्हिड माउंट यांच्यासह १९८७ मध्ये मांडली. घोष यांचा या विषयावरील ग्रंथ २००७ साली केंब्रिजने प्रसिद्ध केला.

झाड नेहमी जमतेच का? जमते. छेद न होता जेवढ्या रेघा ओढता येतील तेवढ्या ओढा. सर्व टोके जोडली जातात. मग जेथे बंद फेरा दिसेल तेथील एक नवी रेघ पुसा. मूळ रेघा एकमेकींना शिवत नसल्याने प्रत्येक फेऱ्यात पुसण्याजोगी नवी रेघ सापडतेच.

अवघड भाग पुढे आहे. या रीतीने एखाद्या टोकाशी दहा रेघाही गोळा होतील. कोणत्याही टोकाशी तीनपेक्षा जास्त रेघा नकोत अशी अट घातली तर? तरीही झाड जमतेच, हे बोस, हाउल व टूसाँ या तिघांनी सिद्ध केले. त्यांचा निबंध २००१ साली छापून आला. आपल्या पाच रेघांवर ही अट लावून पाहा. मग दहा घ्या.