पाचशे डॉलरची रेसिंग कार अन् रेडिएटर तिच्याहून महाग! हौशी शर्यतीत गाडी थंड ठेवायला पैसा नेमका कुठं लागतो? वाचा सविस्तर

कार रेसिंग म्हटलं की कोट्यवधींच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. पण अमेरिकेत साधे नोकरदार अन् मेकॅनिकही भंगाराच्या भावातल्या गाड्या घेऊन शनिवार-रविवारी ट्रॅकवर उतरतात. यातली गाजलेली शर्यत म्हणजे 2006 साली सुरू झालेली '24 आवर्स ऑफ लेमन्स'. इंग्रजीत टाकाऊ गाडीला 'लेमन' म्हणतात. फ्रान्समधल्या 24 तासांच्या 'ल माँ' शर्यतीची ही थट्टा आहे. नियम असा, की गाडी 500 डॉलरच्या आत तयार झाली पाहिजे. ब्रेक, टायर, चालकाभोवतीचा लोखंडी पिंजरा अशा सुरक्षेच्या वस्तू यात धरत नाहीत. बाकी खर्च जास्त झाल्याचं परीक्षकांना वाटलं, तर वरच्या दर 10 डॉलरमागं एक फेरी कापतात.

अशा शर्यतीत गाडी बाद होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे इंजिन तापणं. रस्त्यावर आपण पूर्ण ॲक्सिलरेटर काही सेकंदच दाबतो. ट्रॅकवर तो तासन् तास दाबलेला असतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तेवढाच सायलेन्सरमधून जातो अन् तेवढाच पाण्यात उतरतो. म्हणजे 100 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण जोरात असताना रेडिएटरला साधारण 75 किलोवॉट उष्णता बाहेर फेकावी लागते. अंघोळीचं पाणी तापवायच्या 1500 वॉटच्या 50 रॉड एकदम चालू केल्यासारखंच हे.

पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, डाख देऊन जोडलेले. तांबं हे ॲल्युमिनियमपेक्षा पावणेदोन पट चांगली उष्णता वाहतं. तरी रेसिंगमध्ये ॲल्युमिनियम का? कारण ते तिपटीनं हलकं अन् मजबूत असतं. त्यामुळं नळ्या रुंद करता येतात, जास्त पाणी थेट पत्र्याला लागतं, शिवाय मध्ये डाखाचा थर येत नाही. पुढचा प्रकार 'डबल पास'. यात पाणी जाळीतून एकदा जाऊन पुन्हा परत येतं. नळ्यांतला वेग वाढल्यानं उष्णता जास्त निघते, पण पंपावर भारही वाढतो. फॉर्म्युला वनसारख्या ठिकाणचं तंत्र याच्याही पुढं गेलंय. हौशी माणसानं त्या वाटेला न गेलेलंच बरं. जपानी माझदा मियाटासारख्या छोट्या गाडीला तयार ॲल्युमिनियम रेडिएटर काहीशे डॉलरला मिळतो. मापानं बनवून घेतला तर तो एकटाच 500 डॉलरच्या पुढं जातो.

अन् इथंच बरेच जण फसतात. जाळी दुप्पट जाड केली म्हणून गाडी दुप्पट थंड होत नाही. पुढच्या नळ्यांवरून गेलेली हवा मागच्या नळ्यांपर्यंत पोचते तेव्हा आधीच गरम झालेली असते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हवेला सोपी वाट हवी असते. रेडिएटरच्या बाजूला फट दिसली की ती जाळी सोडून तिथूनच पळते. पत्र्याचा तुकडा अन् फोम लावून या फटी बुजवायला फारसा खर्च येत नाही, पण महागड्या रेडिएटरइतका फरक कधी कधी एवढ्यानंच पडतो. गाडी गवतात घसरली की जाळीत काडीकचरा, टायरचे तुकडे अडकतात. मळणीच्या दिवसांत भुश्श्यानं ट्रॅक्टरची जाळी तुंबते, तसंच हे. धुताना इंजिनच्या बाजूनं बाहेर, कमी दाबाचं पाणी मारायचं. जोराच्या फवाऱ्यानं पात्या दुमडतात.

झाकणही दुर्लक्षित राहतं. ते आत 1 बारचा दाब धरतं, म्हणून पाणी 100 ऐवजी 120 अंशांना उकळतं. झाकणाचं रबर गेलं की पाणी आधीच उकळून बाहेर पडतं. पण गरम इंजिनवर हे झाकण कधीच उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं, भाजून डोळेही जाऊ शकतात.

आपल्याकडचे काही मिस्त्री गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकतात. पाणी मोकळं फिरतं खरं, पण इंजिनच्या आतला पाण्याचा दाब कमी होऊन हेडमधल्या सर्वांत गरम जागी वाफेचे बुडबुडे धरू शकतात. म्हणून रेसिंगवाले थर्मोस्टॅट काढलाच, तर त्या जागी भोक पाडलेली चकती बसवतात.

अनेक ट्रॅकवर कूलंटलाही बंदी असते. त्यातलं ग्लायकॉल रस्त्यावर सांडलं तर निसरडं होतं अन् मागच्या गाड्या घसरतात. तिथं डिस्टिल्ड पाणी अन् गंज रोखणारं औषध चालतं. निम्म्या ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा नुसतं पाणी जास्त उष्णता उचलतं, हा फायदा वेगळाच. मात्र थंडीत ते काढून ठेवावं लागतं, नाहीतर बर्फ होऊन ब्लॉकच फुटतो.

सगळं करूनही शर्यतीत होज पाईप फुटला, तर तापमानाचा काटा दगा देऊ शकतो. पाणी गेलं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो अन् काटा उलट खाली येतो. चालकाला वाटतं, गाडी थंड झाली. तोवर हेड वाकतं, गॅसकेट जातं. म्हणून जाणते लोक पाण्याच्या दाबावर चालणारा छोटा स्विच बसवून समोर लाल दिवा लावतात. दाब घसरला की दिवा पेटतो, अन् गाडी तिथंच बाजूला घ्यायची.