कहाण्यांचे चित्रकार धुरंधर

श्रावणात आमच्या बोरीत आजीने कहाणी सुरू केली, की आटपाट नगर ज्याने त्याने मनातच पाहावे. कागदावर ते रेखाटले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि १९३१ साली तेथूनच निवृत्त झाले. सी. ए. किंकेड यांनी आपल्या वारांच्या, नागोबाच्या कहाण्या मुलांसाठी इंग्रजीत उतरविल्या. १९१४ साली लंडनच्या मॅकमिलनने त्या धुरंधरांच्या चित्रांसह छापल्या. लेखकाचे नाव राहिले, चित्रकाराचेही राहिले; कहाणी पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बायकांचे मात्र राहिले नाही. धुरंधरांची चित्रे पाहताना त्यांचा आवाजही आपल्याला ऐकू यावा, एवढेच आमचे मागणे.