स्टर्न महिला महाविद्यालय : शिष्यवृत्तीसाठी अर्ज

न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठाचे स्टर्न महिला महाविद्यालय १९५४ मध्ये सुरू झाले. उद्योजक मॅक्स स्टर्न यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेत ज्यू धर्मग्रंथांचे अध्ययन आणि विद्यापीठीय विषय असा दुहेरी अभ्यासक्रम असतो.

येथे गुणवत्तेनुसार शिष्यवृत्ती मिळते, तसेच आर्थिक गरजेनुसार साहाय्यही मिळते. गरजेवर आधारित सरकारी साहाय्यासाठी अमेरिकी नागरिक व पात्र रहिवासी ‘फाफ्सा’ हा केंद्र सरकारचा विनाशुल्क अर्ज भरतात. तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. त्यात दोन वर्षांपूर्वीचे कौटुंबिक उत्पन्न धरले जाते. मधल्या काळात पालकांची नोकरी गेली असल्यास महाविद्यालयाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाकडे कागदपत्रांसह फेरविचार मागता येतो. अनेक कुटुंबांना याची कल्पनाच नसते.

२०२४-२५ पासून या अर्जाचे गणित बदलले. पूर्वी एकाच वेळी महाविद्यालयात शिकणाऱ्या भावंडांमध्ये पालकांचा अपेक्षित वाटा विभागला जाई. ती सवलत आता उरलेली नाही. बहुधा मोठ्या असणाऱ्या ऑर्थोडॉक्स ज्यू कुटुंबांना याची झळ अधिक बसते. त्यामुळे किती भावंडे शिकत आहेत, हे महाविद्यालयाला स्वतंत्रपणे कळवणे हिताचे ठरते.

परदेशी विद्यार्थिनींना सामान्यतः हे सरकारी साहाय्य मिळत नाही. मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजातील भारतीय नागरिक तरुणीही याला अपवाद नाही. तिची भिस्त मुख्यतः संस्थेच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीवर राहते आणि विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूदही दाखवावी लागते.