होशंगाबादचा धडा

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या संशोधनगटाने वर्गात वापरण्याजोग्या काही विचारपद्धती शिक्षकांपुढे ठेवल्या आहेत. त्यांतील एक पद्धत तीन प्रश्नांची आहे : काय दिसते, त्यावरून काय वाटते आणि आता कोणते कुतूहल उरते? हे प्रश्न रोज विचारले गेले की मुलांना विचार करण्याची सवय लागते, असे त्यामागचे सूत्र. मध्य प्रदेशातील खेड्यांच्या शाळांत मात्र याच वळणाची सवय 1972 पासून रुजू लागली होती, याचे स्मरण आज फार थोड्यांना असते.

त्या वर्षी ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा प्रयोग आरंभिला. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार व्याख्या नव्हत्या. प्रयोग आणि प्रश्न होते. चौघांच्या टोळीने गहू व हरभऱ्याची रोपे उपटून आणावीत, पाने आणि मुळे न्याहाळावीत, नोंदी कराव्यात. समांतर शिरांच्या पानाखाली तंतुमुळे आणि जाळीदार शिरांच्या पानाखाली सोटमूळ आढळते, हा निष्कर्ष मुलांनी चर्चेतून स्वतः काढावा, अशी ती रीत होती.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातील खरे मर्म परीक्षेत दिसते. मनुष्य ज्याचे मोल होते तेच करतो. पाठांतराला गुण देणारी परीक्षा कायम ठेवून विचाराचा उपदेश केला असता, तर तो हवेत विरला असता. म्हणून येथे परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगही करावे लागत. शिक्षकांसाठी उन्हाळी प्रशिक्षण आणि मासिक बैठका, शाळांसाठी साहित्यसंच, अशी व्यवस्थाही उभी राहिली. राज्य शासनाच्या पाठबळामुळेच 1978 मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात पोहोचला. त्याच सुमारास पुण्यातील नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन अरविंद गुप्ता तेथे गेले. आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून त्यांची खेळणी घडली. 1982 मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन होऊन हे काम तिच्याकडे आले.

2002 मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला. या मुलांनी राज्यातील इतरांपेक्षा वेगळे का शिकावे, हा आक्षेप त्यामागे होता. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. पुढच्या इयत्तांत त्याच मुलांना पाठांतराचीच परीक्षा द्यावी लागे, ही पालकांची चिंता खरी होती. परंतु त्यावर दोन उपाय संभवत होते : वरच्या परीक्षा बदलणे किंवा खालचा प्रयोग मोडणे. शासनाने सोपा उपाय निवडला.

आम्हा अधिकाऱ्यांना समानता आणि एकसारखेपणा यांतील भेद पुष्कळदा उमगत नाही. एकसारखेपणा एका आदेशाने आणता येतो. वर्गात निर्भयपणे ‘असे का?’ विचारणारे मूल घडवायला मात्र होशंगाबादला तीस वर्षे खपावे लागले. एखादा चालता प्रयोग बंद करण्याची नस्ती समोर आली की स्वाक्षरीपूर्वी आपणही तेच तीन प्रश्न स्वतःला विचारावेत : काय दिसते, त्यावरून काय वाटते, आणि अजून काय जाणून घ्यायचे राहिले आहे?