गौरवाचा ठराव : कायद्याने निष्प्रभ, राजकारणात जोखमीचा

स्वातंत्र्यवीर विनायक दामोदर सावरकर यांच्या पुण्यतिथीच्या दिवशी, २६ फेब्रुवारी २०२० रोजी, महाराष्ट्र विधानसभेत त्यांच्या गौरवाचा ठराव मांडण्याची मागणी भारतीय जनता पक्षाने केली. तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी या मागणीचा आग्रह धरला. अध्यक्ष नाना पटोले यांनी ती फेटाळली. ठराव मांडला गेला नाही, मतदानही झाले नाही. तरीही वादग्रस्त व्यक्तीच्या गौरवाचा ठराव राजकीय पक्षांना कोणत्या पेचात टाकू शकतो, हे या प्रसंगातून स्पष्ट झाले.

ठरावाचे स्वरूप

विधिमंडळाने संमत केलेल्या गौरवपर ठरावाला कायद्याचे बळ नसते. तो सभागृहाच्या भावनेची नोंद असतो. ‘भारतरत्न’ किताबासाठीही राज्य विधिमंडळाच्या ठरावाची आवश्यकता नाही. त्याची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात. मात्र ठरावावर चर्चा आणि मतदान झाल्यास कोण बाजूने उभे राहिले, कोणी विरोध केला आणि कोण गैरहजर राहिले, हे सर्वांसमोर येते. ठरावाचे राजकीय मोल त्यातच असते.

आघाडीपुढील पेच

२०१९ च्या निवडणुकीत भाजपला १०५, शिवसेनेला ५६, राष्ट्रवादी काँग्रेसला ५४ आणि काँग्रेसला ४४ जागा मिळाल्या होत्या. नंतरच्या तीन पक्षांनी मिळून नोव्हेंबर २०१९ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली सरकार स्थापन केले. सावरकर हे शिवसेनेचे श्रद्धास्थान, तर काँग्रेसचा त्यांच्या विचारांना विरोध. ठराव मतास आला असता तर शिवसेनेला मित्रपक्ष किंवा आपली जुनी भूमिका यांपैकी एकाची निवड करावी लागली असती. ठराव न आल्याने ती वेळ टळली. पण सावरकरांच्या गौरवाला शिवसेनेचे सरकार बगल देते, असा प्रचार करण्याची संधी विरोधकांना मिळाली.

ठराव मागणाऱ्यांसाठीही हा मार्ग निर्धोक नव्हता. २०१९ च्या जाहीरनाम्यात भाजपने सावरकरांना भारतरत्न मिळवून देण्याचे आश्वासन दिले होते. केंद्रात सत्ता असताना किताब का दिला नाही, हा प्रतिप्रश्न त्यांना विचारला गेला.

आघाडीतील तणाव पुढेही कायम राहिला. मार्च २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या वक्तव्यानंतर ठाकरे यांनी मालेगावच्या सभेत सावरकरांचा अवमान सहन करणार नाही, असा इशारा दिला. त्याच सुमारास भाजप आणि एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेने राज्यभर ‘सावरकर गौरव यात्रा’ काढली आणि शिंदे सरकारने २८ मे हा दिवस ‘स्वातंत्र्यवीर गौरव दिन’ म्हणून साजरा करण्याचा निर्णय जाहीर केला. जे सभागृहात होऊ शकले नव्हते, ते सत्ताबदलानंतर शासननिर्णयाने झाले.

वादाची मुळे

सावरकरांच्या समर्थकांसमोर अंदमानातील काळ्या पाण्याची शिक्षा, अस्पृश्यता निवारणाचे रत्नागिरीतील कार्य आणि १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ असतो. विरोधक त्यांची सुटकेसाठीची अर्जविनवणी, हिंदुत्वाची मांडणी आणि गांधीहत्या खटल्याकडे बोट दाखवतात. त्या खटल्यातून ते फेब्रुवारी १९४९ मध्ये निर्दोष सुटले. परंतु पुढे कपूर आयोगाच्या अहवालाने हा विषय पुन्हा चर्चेत आणला. चार ओळींच्या ठरावात यांपैकी एकच बाजू मावते आणि दुसरी बाजू सभागृहाबाहेर उभी राहते.

लखनौ ते बेळगाव

संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात २६ फेब्रुवारी २००३ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सावरकरांच्या तैलचित्राचे अनावरण झाले, तेव्हा प्रमुख विरोधी पक्षांनी समारंभावर बहिष्कार टाकला होता.

उत्तर प्रदेशातही त्याचे पडसाद उमटले. लखनौच्या पूर्वेकडील चिनहट येथे ३० जून १८५७ रोजी उठावकऱ्यांनी हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर रेसिडेन्सीला वेढा पडला. त्या उठावाला ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणून मांडणाऱ्या सावरकरांचे चित्र जानेवारी २०२१ मध्ये लखनौच्या विधान परिषदेतील चित्रदालनात लागले, तेव्हा ते हटवावे, अशी मागणी काँग्रेस सदस्याने केली. उठावाचा वारसा दोन्ही पक्षांना मान्य होता. तो मांडणाऱ्याविषयी मात्र एकमत नव्हते.

बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये १९ डिसेंबर २०२२ रोजी सावरकरांच्या चित्राचे अनावरण झाले, तेव्हा सिद्धरामय्या यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेस आमदारांनी निदर्शने केली. २०२३ मध्ये काँग्रेस सत्तेवर आल्यावर ते चित्र काढावे की ठेवावे, हा प्रश्न त्यांच्याच पुढ्यात आला. एकदा दिलेला सन्मान परत घेणे हा नवा अवमान ठरतो; तो तसाच ठेवणे ही जुन्या भूमिकेशी तडजोड ठरते.

एकमताचीही किंमत

सर्वसंमत ठरावही धोक्यापासून मुक्त नसतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. सभागृहातील एकमत आणि गावातील मत यांमधील अंतर न ओळखल्याची किंमत ठराव मांडणाऱ्यांनी नव्हे, तर दुर्बळांनी मोजली.

पुरेशी चौकशी न करता केलेला गौरवही अंगाशी येतो. कॅनडाच्या संसदेत सप्टेंबर २०२३ मध्ये एका वृद्ध सैनिकाला सदस्यांनी उभे राहून मानवंदना दिली. तो दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तुकडीत होता, हे नंतर उघड झाले आणि सभापती अँथनी रोटा यांना राजीनामा द्यावा लागला.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूर येथे उद्धव ठाकरे यांनी सावरकरांना भारतरत्न देण्याची मागणी करतानाच, भाजपने नेहरूंचा आणि काँग्रेसने सावरकरांचा विषय उगाळणे थांबवावे, असे आवाहन केले. दोन्ही बाजूंची अडचण एकाच वाक्यात सांगणारे हे आवाहन होते. गौरवाचा ठराव दिवंगताच्या नावाने मांडला जातो. त्याचा हिशेब मात्र हयात असलेल्यांना द्यावा लागतो.