धरावे की मारावे? एक खून, एक नाटक, एक चित्रपट आणि एक कादंबरी

१/ ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदातील गणपतीचे दिवस. पुण्याच्या शनिवारवाड्यात पेशवे नारायणराव यांचा गारद्यांनी खून केला. पेशव्यांचे वय अवघे अठरा. वस्त्रे मिळून वर्षही लोटले नव्हते. या घटनेने मराठीला दोन वाक्प्रचार दिले : ‘काका मला वाचवा’ आणि ‘ध चा मा’. पहिल्याचा रोख काकांवर, म्हणजे रघुनाथरावांवर आहे; दुसऱ्याचा काकूंवर, म्हणजे आनंदीबाईंवर. दोष नेमका कोणाचा, हा अडीचशे वर्षांचा वाद या दोन वाक्प्रचारांतच साठवलेला आहे.

२/ हा दोष मराठी कलाकृतींत कसा फिरत राहिला, हे तीन कृती शेजारी ठेवल्यास स्पष्ट दिसते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाटक ‘भाऊबंदकी’ (१९०९), प्रभात फिल्म कंपनीचा चित्रपट ‘रामशास्त्री’ (१९४४) आणि रणजित देसाई यांची कादंबरी ‘स्वामी’ (१९६२). काळ जवळपास तोच, घराणे तेच, रघुनाथराव आणि रामशास्त्रीही तेच. तरीही तिन्ही कृतींतून उभा राहणारा इतिहास एकसारखा नाही.

३/ आधी पार्श्वभूमी. १७६१ मध्ये पानिपत झाले आणि त्याच वर्षी नानासाहेब पेशवे निवर्तले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. कारभार आपल्या हाती असावा, ही चुलते रघुनाथरावांची इच्छा. १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईनंतर माधवरावांना चुलत्यांपुढे नमते घ्यावे लागले. १७६८ मध्ये धोडपला पारडे फिरले : रघुनाथरावांचा पराभव झाला व ते शनिवारवाड्यात नजरकैदेत आले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले. म्हणजे १७७३ च्या खुनामागे किमान दहा वर्षांचा सत्तासंघर्ष होता.

४/ ‘ध चा मा’ची हकिगत सर्वदूर पोहोचवण्यात ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा वाटा आहे. तो ग्रंथ १८२६ चा, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी प्रसिद्ध झालेला. त्यातील कथन असे : रघुनाथरावांनी नारायणरावांना ‘धरावे’ असा हुकूम दिला होता, रामशास्त्र्यांनी तो कागद मिळवला, तेव्हा त्यावर ‘मारावे’ असे आढळले, आणि हा फेरफार आनंदीबाईंनी केला, असा सार्वत्रिक समज होता. इथे ‘समज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वाक्प्रचारात उतरताना तो गळून पडला आणि समजाचा निकाल झाला.

५/ याच हकिगतीत दुसराही एक निकाल आहे. रघुनाथरावांनी प्रायश्चित्त विचारले, तेव्हा रामशास्त्र्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि रघुनाथराव सत्तेवर असेतो पुण्यात पाऊल न ठेवण्याचा निश्चय करून ते शहर सोडून गेले. म्हणजे न्यायाधीशाने दोषी धरले ते रघुनाथरावांना. लोकांनी लक्षात ठेवले ते मात्र आनंदीबाईंचे अक्षर.

६/ अक्षर बदलल्याच्या कथेत एक मोठी सोय आहे. हुकूम केवळ पकडण्याचा होता असे मानले, की रघुनाथराव महत्त्वाकांक्षी पण मनाने कोमल ठरतात. आळेगाव, धोडप, नजरकैद आणि गारद्यांशी झालेले संधान हे सारे मागे सरते. दहा वर्षांचे राजकारण एका अक्षरात मावते, आणि ते अक्षर लिहिणारा हात घरातल्या स्त्रीचा असतो. राजवाड्यातील दुष्ट स्त्री आपल्या कथापरंपरेला अपरिचित नाही. रामायणातील कैकेयी आणि मंथरा श्रोत्यांच्या मनात आधीपासूनच होत्या.

७/ खाडिलकरांनी हा साचा रंगभूमीवर आणला, तो स्वतःच्या काळाचा प्रश्न घेऊन. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. ‘केसरी’शी निकटचा संबंध असलेल्या नाटककाराने १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ हे शीर्षक निवडावे, यात त्या फुटीचे पडसाद ऐकू येतात. नाटकाचे खरे दुःख एका खुनापुरते नाही. घर आतून फुटते आणि परक्याला वाट मिळते, हे ते दुःख आहे. आनंदीबाई इथे प्रभावी आणि सक्रिय आहेत. त्यांच्यावर लेडी मॅकबेथची छाया सहज जाणवते. दोलायमान पती आणि निश्चयी पत्नी, ही जोडी शेक्सपिअरच्या वाटेने शनिवारवाड्यात येते.

८/ १९४४ च्या ‘रामशास्त्री’त केंद्र बदलते. गजानन जागीरदार यांनी रामशास्त्र्यांची भूमिका केली आणि दिग्दर्शनातही त्यांचा प्रमुख वाटा होता. आनंदीबाई झाल्या ललिता पवार. चित्रपट सुरू होतो तो रामच्या बालपणापासून. शिक्षणापासून वंचित राहिलेला मुलगा काशीला जातो, विद्वान होऊन परततो आणि अखेर राज्यकर्त्याला दोषी ठरवतो. ‘चले जाव’ चळवळीला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्या प्रेक्षकासाठी सत्तेपुढे न झुकणारा न्यायाधीश हा केवळ अठराव्या शतकातील माणूस नव्हता. इथे आनंदीबाईंचे कपट कथेला लागते ते न्यायाची कसोटी अधिक कठीण व्हावी म्हणून.

९/ ‘स्वामी’ने तिसरी वाट धरली. कादंबरीच्या केंद्रस्थानी माधवराव आणि रमाबाई आहेत. थेऊरचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन इथे कथा संपते. खुनाला अजून नऊ महिने अवकाश आहे. त्यामुळे रघुनाथराव या कादंबरीत खुनाचे आरोपी होऊच शकत नाहीत. ते पुतण्याच्या कर्तृत्वाआड येणारे, तरीही वडीलकीचा मान घेणारे काका राहतात. रामशास्त्री इथेही परखड आहेत, पण त्यांच्यासमोर चूक मान्य करणारा पेशवा आहे. सत्य सांगणारा माणूस तोच. ऐकणारा बदलला की शोकांतिकेच्या जागी आदर्श राज्याचे चित्र तयार होते. पुढे ‘स्वामी’वर आधारित दूरदर्शन मालिकेचे दिग्दर्शन जागीरदारांनीच केले, हाही एक सुंदर योग.

१०/ तिन्ही कृती शेजारी ठेवल्या, की एक गोष्ट लक्षात येते. पात्राचा दोष केवळ पुराव्याने ठरत नाही. कथा कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, यावरही तो ठरतो. थेऊरला थांबले तर रघुनाथराव हे कुटुंबातील दुखणे. कागदावरील अक्षरापाशी थांबले तर गुन्हेगार आनंदीबाई. देहान्त प्रायश्चित्तापर्यंत गेले तर गुन्हेगार रघुनाथराव आणि नायक न्यायाधीश.

११/ आणि त्याही पुढे गेले तर? १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या मरणोत्तर पुत्राचा, सवाई माधवरावांचा जन्म झाला. बारभाईंनी रघुनाथरावांना सत्तेबाहेर ठेवले. ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाला तोंड फुटले. या तहाचा मजकूर उपलब्ध आहे. त्यात कोणतेही अक्षर कोणी बदलल्याची आख्यायिका नाही, आणि त्याची जबाबदारी पत्नीवर टाकण्याची सोयही नाही.

१२/ १७८३ मध्ये रघुनाथराव वारले. आनंदीबाईंचे उरलेले आयुष्य पुणे दरबाराच्या देखरेखीखाली गेले. नाशिकजवळची आनंदवल्ली त्यांच्या नावाशी जोडली गेली. १७९४ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी, १७९६ मध्ये, त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव पेशवे झाले. नाटक, चित्रपट आणि कादंबरी, तिन्हींपैकी एकाचीही चौकट इथवर येत नाही.

१३/ याचा अर्थ आनंदीबाई निर्दोष होत्या, असा नाही. कटात त्यांचा सहभाग असेल किंवा नसेल. मात्र ‘समज होता’ एवढ्या आधारावर इतिहासात शिक्षा सुनावता येत नाही. ऐतिहासिक कादंबरी वाचताना किंवा चित्रपट पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवावेत : कथा कोणत्या वर्षी सुरू होते, कोणत्या वर्षी थांबते, आणि या दोन वर्षांबाहेर काय राहून गेले? ‘भाऊबंदकी’, ‘रामशास्त्री’ आणि ‘स्वामी’ त्यामुळे लहान होत नाहीत. १७७३ च्या खुनाबरोबरच १९०९, १९४४ आणि १९६२ चा महाराष्ट्रही त्यांतून वाचता येऊ लागतो.